तांबडी, काळी आणि काचेची टाकी

पाण्यातल्या झाडांची टाकी लावणाऱ्याला जवळपास सगळं नंतर बदलता येतं. दिवा मंद वाटला तर दुसरा आणता येतो, फिल्टर कुरकुरायला लागला तर बदलता येतो, मासे एकमेकांच्या उरावर बसायला लागले तर शेजारच्या पोराला देता येतात. झाडं तर दर महिन्याला कापून पुन्हा खोचायचीच असतात. तळाचा थर मात्र एकदा घातला की घातला. तो बदलायचा म्हणजे टाकी रिकामी करा, मासे बादलीत, झाडं परातीत, फरशीवर चिखल आणि घरच्यांची बोलणी. थोडक्यात, जी गोष्ट सगळ्यात आधी, काहीच कळत नसताना ठरवावी लागते, तीच सगळ्यात जास्त टिकते. लग्नाचंही असंच असतं म्हणतात, पण तिथे निदान पत्रिका तरी बघतात.

आमच्या बेळगावात माशांच्या दुकानात गेलं की तळाबद्दल एकच प्रश्न येतो: कुठला रंग देऊ? निळे, गुलाबी, पोपटी खडे पोत्यात भरून ठेवलेले असतात. ज्याला नुसते मासे ठेवायचेत त्याला ते चालून जातात, डोळ्यांना चालले तर. पांढऱ्याशुभ्र खड्यांचं मात्र जरा जपून. तो बऱ्याचदा संगमरवराचा चुरा असतो आणि संगमरवर म्हणजे शेवटी चुनाच. मऊ पाण्यात तो हळूहळू विरघळत राहतो, पाणी जड होत जातं, पीएच वर चढतो, म्हणजे पाण्याचा आंबटपणा कमी होतो, आणि मऊ पाण्याची सवय असलेली झाडं कारण न सांगता खंगत जातात. ओळखायला सोपं आहे. खडा कोरडा करून त्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाकायचे किंवा लिंबू पिळायचं. बारीक फेस आला, कानाजवळ धरून चुरचुर ऐकू आली, की चुना आहे. दुकानात उभं राहून पर्समधून अर्धं लिंबू काढणाऱ्या बाईला दुकानदार मनात काय म्हणत असेल ते म्हणो.

झाडं लावायची तर रंगाचा प्रश्न मागे पडतो. आधी बघायचं ते हे, की आपल्याला हवी असलेली झाडं जेवतात कुठून. जावा फर्न, अनुबियास, शेवाळासारखं मॉस ही सगळी लाकडाला किंवा दगडाला दोऱ्याने बांधायची मंडळी. अनुबियासचं आडवं खोड मातीत पुरलं तर ते कुजतं. हायड्रिलाचं बरंचसं पाण्यावरच भागतं. ह्यांच्यासाठी महागडी माती आणणं म्हणजे पैसे तळाशी पुरणं. ॲमेझॉन स्वोर्ड, वॅलिस्नेरिया आणि क्रिप्टोकोरीन ही मात्र मुळांनी जेवणारी. क्रिप्टोकोरीनच्या काही जाती तर आपल्या सह्याद्रीतल्याच. ओढ्यानदीच्या काठच्या गाळात रुजतात, पावसाळ्यात बुडतात, उन्हाळ्यात उघड्या पडतात, आणि त्यांची मुळं खाली इतकी पसरतात की वरचं चिमूटभर झुडूप बघून त्याचा अंदाज येऊ नये. अशा झाडाला स्वच्छ धुतलेल्या वाळूत लावलं तर ते मरत नाही. नुसतं बसून राहतं.

वाळूत कमी काय असतं? खत, असं आपण पटकन म्हणू. पण खत नंतरही देता येतं, गोळ्या करून मुळाशी खुपसता येतं. खरी उणीव असते ती धरून ठेवण्याची. मातीतल्या चिकणकणांच्या आणि कुजलेल्या पाल्याच्या अंगावर ऋण भार असतो. अमोनियम, पोटॅश, कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह हे धन भाराचे कण त्याला चिकटून राहतात, आणि मूळ आपल्याजवळचा हायड्रोजन देऊन त्यातलं हवं ते सोडवून घेतं. ह्या धरण्या-सोडण्याच्या ताकदीला शेतीखात्याची माणसं केटायन एक्स्चेंज म्हणतात. गारगोटीच्या वाळूत ती जवळजवळ नाहीच. म्हणजे तळाला काय घालायचं हे ठरवताना त्यात आज काय आहे, ह्यापेक्षा ते उद्या किती धरेल आणि कसं सोडेल, हे बघायचं. पिशवीवर मात्र पहिल्या गोष्टीचीच जाहिरात असते.

आता ज्याला मातीच बघायची आहे त्याने आमच्या भागात यावं. बेळगावहून खानापूरकडे निघा, पंचवीस-सव्वीस किलोमीटरचा रस्ता, तिथून पुढे जांबोटी, कणकुंबी. रस्त्याच्या कडेची खोदलेली दरड तांबडी होत जाते, पुढे पुढे तर सरळ जांभाच. पावसाळ्यात रस्त्यावरून वाहणारं पाणी चहाच्या रंगाचं. आता उलट्या दिशेने निघा, बैलहोंगल, सौंदत्तीकडे. काळं, सपाट, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडलेलं रान. तिकडचे कन्नड शेतकरी तांबडीला मसारी म्हणतात आणि काळीला एरी. दख्खनच्या काळ्या पाषाणापासून ह्या दोन्ही तऱ्हा होऊ शकतात, आणि फरक पाडतो तो पाऊस. कणकुंबीला तो हजारो मिलिमीटरमध्ये मोजतात, अथणीकडे पाचशे-सहाशेच्या आसपास. जिथे धो धो कोसळतो तिथे तो चुना, पोटॅश, दगडातलं सिलिकासुद्धा धुऊन नेतो, आणि मागे उरतं ते लोखंड नि ॲल्युमिनियम. जिथे बेताचा पडतो तिथे चुना जागेवरच राहतो, खाली त्याचे पांढरे खडे बनतात. १९५६ साली ह्या मुलखातून कुठली रेषा कुठे गेली ह्यावर आमच्याकडे कुठल्याही चहाच्या टपरीवर तासभर बोलणारा माणूस भेटेल. मातीची रेषा मात्र पावसाने आखलेली, आणि ती शहराच्या दोन्ही अंगांनी सरकत सरकत जाते, एका जागी बोट ठेवता येत नाही.

गंमत अशी की ह्या जांभ्याला एकेकाळी युरोपात पाकिटातून भाव होता. १९८० च्या दशकात कास्पर होर्स्ट आणि होर्स्ट किप्पर ह्या दोन जर्मन माणसांनी उष्ण कटिबंधातल्या ओढ्यांचं पाणी आणि तळ तपासून झाडांच्या टाकीची एक पद्धत बसवली. त्यांच्या डुप्ला कंपनीची जांभ्याची भुकटी मिळायची. ती खडीच्या खालच्या थरात मिसळायची, तळाशी विजेच्या बारीक तारा टाकून थर किंचित ऊबदार ठेवायचा, म्हणजे पाणी खालून वर संथ फिरत राहतं. तारांची फॅशन पुढे गेली. भुकटीची कल्पना मात्र टिकली, कारण तिच्यामागे हिशोब होता: झाडांना लोह हवं असतं, आणि जांभा म्हणजे लोहच लोह. जांबोटीकडे ज्या दगडाची भिंत असते, खाणीतून काढताना जो कुऱ्हाडीने तासता येतो आणि वारा लागला की कडक होतो, तो तिकडे लोक ग्रॅममध्ये मोजून टाकीत घालत होते हे वाचलं तेव्हा मला जरा बरं वाटलं. माझ्या आजोळचा गोठा त्या हिशोबाने कोट्यवधींचा.

पण हा हिशोब अर्धाच आहे. जांभ्यातलं लोह म्हणजे गंज. तो पाण्यात विरघळत नाही आणि मुळाला उचलता येत नाही. जांभा कुटून नुसत्या मोकळ्या खडीत मिसळला, जिथे प्राणवायू खेळता आहे, तर वर्षानुवर्षं तो तांबडाच राहील, झाडाच्या पानात काही उतरणार नाही. ही उरलेली अर्धी गोष्ट मला मामाच्या शिवारात कळली, आणि ती सांगताना मामाच्या डोक्यात टाकीबिकी काही नव्हती.

मामा जांबोटीकडचा. तिकडे भात. आषाढात मी त्याच्याकडे मातीसाठी गेले तर पिशवी बघून म्हणाला, “काय गं, शहरात माती बी मिळंना झाली व्हय?” रोप लागण होऊन गेली होती. चिखलणी केलेल्या वाफ्यात घोटाभर पाणी उभं. मी बांधावरची कोरडी तांबडी माती भरायला लागले तर त्याने हात धरला. “पाण्यात घालणार म्हणतीस न्हवं? मग पाण्यातली ने. ही आन ती एक न्हवं.” वाफ्यात हात घालून त्याने मूठभर चिखल वर काढला. वरचा पातळसा पापुद्रा तांबूस, आणि त्याच्याखाली लगेच राखाडी, निळसर झाक असलेला. दोन्ही एकाच जमिनीचे. मग भाताचा एक चूड उपटून मुळं पाण्यात खळबळून दाखवली. शेंड्याला पांढरी, आणि वर बुडख्याकडे नारिंगी, गंज चढल्यासारखी. “अशी तांबूस हाईत तवर जमीन चांगली. काळी पडली आन वास मारला तर पाणी सोडून द्यायचं, जमीन जरा उलू द्यायची.”

त्या मुठीत जे होतं ते समजून घ्यायला मला नंतर बरंच वाचावं लागलं. माती पाण्याखाली गेली की काही दिवसांतच तिच्यातला प्राणवायू जिवाणू संपवून टाकतात. वरचे काही मिलिमीटर सोडले तर खाली हवा पोचतच नाही. मग जिवाणू श्वासासाठी दुसऱ्या गोष्टी वापरायला लागतात, ठरलेल्या क्रमाने: आधी नायट्रेट, मग मँगनीज, मग लोह. गंजातलं लोह असं उलटं फिरलं की ते विरघळणारं होतं आणि मातीचा तांबडा रंग जाऊन राखाडी येतो. आता ते मुळाला उचलता येतं. जास्त झालं तर बाधतंही, म्हणून भाताचं रोप पोकळ देठातून वरची हवा खाली नेऊन मुळाभोवती सोडतं, आणि तिथे लोह पुन्हा गंजून मुळावर नारिंगी लेप बसतो. लोहही संपलं तर पाळी गंधकाची. मग कुजक्या अंड्याचा वास येतो आणि मुळं काळी पडतात. टाकीतली क्रिप्टोकोरीन आणि वॅलिस्नेरिया मुळातून हवा सोडतात ती अशीच. झाडांच्या टाकीचा तळ म्हणजे वीतभर उंचीचा भाताचा वाफा, एवढं लक्षात आलं की बाकीचे बरेच प्रश्न आपोआप लहान होतात.

पोन्नमपेरुमा नावाचे श्रीलंकेचे एक मृदाशास्त्रज्ञ होते. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत त्यांनी बुडालेल्या जमिनींचं रसायन उलगडलं, आणि १९७२ चा त्यांचा प्रदीर्घ लेख आजही ह्या विषयात पायाचा मानतात. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. आंबट माती पाण्याखाली राहिली की तिचा पीएच काही आठवड्यांत वर येतो, चुनखडीच्या मातीचा खाली येतो, आणि दोन्ही साताच्या आसपास येऊन थांबतात. आंबटपणा कमी होतो तो लोहाच्या त्या उलट्या प्रवासात, आणि चुन्याचा ताठा उतरवतो कर्बवायू. कोरड्या मातीची पट्टी बुडवून पीएच बघायचा आणि त्यावरून ही चांगली, ती वाईट असं ठरवायचं, ह्यात म्हणूनच फारसा अर्थ नाही. तपासायची ती भिजलेली, मुरलेली माती.

ह्याचा अर्थ कुठलीही माती चालते असा मात्र नाही. काळ्या मातीचंच बघा. धरून ठेवण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. तिच्यातला चिकणकण फुगणारा, पापुद्र्यांचा, आणि त्या पापुद्र्यांमध्ये खतं साठवायला जागाच जागा. त्या मानाने तांबडी माती अगदीच ढिली, आणि वर स्फुरद असा घट्ट धरते की सहजासहजी सोडत नाही. कागदावर काळी जिंकते. पण भिजली की ती फुगते, सुकली की भेगाळते, आणि टाकीत जरा हात लागला की असा गढूळ लोट उठतो की दोन दिवस मासे दिसत नाहीत. बारीक आणि घट्ट असल्यामुळे खालचा वायू अडकून राहतो आणि मग एकदम बुडबुडा होऊन थर उचलतो. शिवाय ते चुन्याचे खडे. येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या शिवारात जिथे बेळगावचा वासाचा बासमती होतो आणि बळ्ळारी नाल्याला पूर आला की जिथलं पीक दरवर्षी पाण्याखाली जातं, तिथली जड माती मला मधली वाटते. धरून ठेवते आणि पाण्यात बसायची तिला सवयही आहे. अडचण एवढीच की शेत कुणाचं आणि त्यात युरिया, डीएपी, तणनाशक कधी पडलं हे विचारल्याशिवाय तिथली माती उचलायची नाही. मातीतला ताजा युरिया टाकीत अमोनिया होऊन उतरतो, आणि अमोनियाने मासे जातात.

मातीच्या शोधात असताना लोक काय काय सुचवतात. आमच्या गल्लीतल्या एका जुन्या पैलवानाने तालमीतली माती घेऊन जा म्हणून सांगितलं. लोण्यासारखी मऊ, वस्त्रगाळ, एक खडा सापडायचा नाही. खरंच सापडला नसता. पण त्या मातीत तेल, हळद, ताक, लिंबू, कापूर घालून ती वर्षानुवर्षं मळलेली असते. माझे मासे त्यात कुस्ती खेळले असते, जगले नसते.

मातीवर झाकण लागतं, नाहीतर ती वर येते. त्यासाठी वाळू किंवा बारीक खडी, दोन ते तीन मिलिमीटर दाण्याची. ह्यापेक्षा बारीक घेतली तर थर घट्ट बसतो, खाली हवाच जात नाही. जाड घेतली तर दाण्यांच्या फटीतून चिखल डोकं वर काढतो, आणि माशांची विष्ठा खाली जाऊन बसते. तळ उकरणारे कोरिडोरस मासे पाळायचे असतील तर दाणा गुळगुळीत हवा, धारदार कडांनी त्यांच्या मिशा झिजतात. वाळूच्या बाबतीत आमचा जिल्हा नशीबवान होता असं म्हणायला हरकत नाही. गोकाकला घटप्रभा ज्या कड्यावरून ५२ मीटर खाली झेपावते तो वालुकाश्माचा. हा पाषाण मुळात गारगोटीच्या कणांचा, पाण्यात काही सोडत नाही, काही घेत नाही. त्यातून आलेल्या वाळूत लिंबू पिळलं तर फेस यायचा तो फक्त शिंपल्याच्या तुकड्यांवर, आणि ते वेचून टाकता येतात. पण नदीची वाळू आता सहज मिळत नाही, आणि नदीच्या दृष्टीने ते बरंच आहे. बांधकामावर सगळीकडे एम-सँड, म्हणजे दळलेला दगड. त्याच्या कडा धारदार असतात आणि पीठ इतकं की धुता धुता हात दुखतात. काळ्या दगडाची असेल तर त्यात कधी कधी पांढरे स्फटिकाचे दाणे चमकतात. त्यातले काही चुन्याचे असतात, ते फसफसतात. काही झिओलाइट असतात, ते उलट अमोनिया शोषून घेतात. दोन्ही डोळ्यांना सारखेच, म्हणून पुन्हा लिंबू.

इतकी यातायात नको असेल तर तयार ॲक्वासॉइल, म्हणजे टाकीसाठीच बनवलेली माती, मिळतं. ताकाशी अमानो हे जपानच्या निइगाताचे छायाचित्रकार. १९८२ मध्ये त्यांनी एडीए ही कंपनी काढली आणि २०१५ मध्ये ते गेले. टाकीकडे देखावा म्हणून बघायची नजर जगभर पोचवली ती त्यांनी. त्यांच्या धर्तीवरची माती दाणेदार करून हलकी भाजलेली असते. दाणा पाण्यात विरघळत नाही, मुळाला मोकळी जागा मिळते, आणि धरून ठेवण्याची ताकदही शाबूत राहते. दोन फूट बाय एक फूट तळाच्या टाकीत पाच सेंटिमीटरचा थर म्हणजे नऊ लिटर माती, म्हणजे त्यांची मोठी पिशवी एक. सुरुवातीचे काही आठवडे ती अमोनिया सोडते, तेव्हा मासे घालायचे नसतात. पाण्याचा जडपणा आणि पीएच ती खाली ओढते, आणि नाजूक, लाल पानांच्या झाडांना ते मानवतं. पण ही ओढण्याची ताकद उधार असते. बेळगावच्या जुन्या घरांतून विहिरी आहेत आणि बऱ्याच विहिरींचं पाणी जड, बंबाच्या आत पांढरा थर बसवणारं. असं पाणी दर आठवड्याला त्या मातीवर ओतलं की तिची ताकद काही महिन्यांत संपते आणि उरते ती साधी भाजलेली माती. महिन्याच्या पगारातला मोठा लचका तोडून पिशवी मागवण्याआधी आपल्या नळाचं पाणी कसलं आहे ते बघावं, असं माझं मत. विकणारा ते विचारत नाही.

भाजलेल्या मातीवरून खानापूर आठवणं साहजिक. तिथली कुंभारकी जुनी, कौलं जुनी, आणि खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची संस्थाही तिथेच. फुटक्या कौलाचा चुरा चाळून घेतला तर तो सच्छिद्र असतो, जिवाणूंना घर देतो आणि चिखल होत नाही. पण कौल भट्टीत फार तापतं, आणि माती फार तापली की तिचे पापुद्रे मिटतात, मग धरून ठेवणं संपलं. ॲक्वासॉइलवाल्यांचं कसब त्या आचेत आहे. कौलाचा चुरा मी झाकणाच्या वाळूत मिसळते, मातीऐवजी वापरत नाही. तो नुसता घातला तर हलका पडतो आणि खोचलेली रोपं सकाळी वर तरंगतात.

शेवटी मी जे घातलं ते मामाच्या वाफ्यातलं. चिखल घमेल्यात पसरून सुकवला, काडीकचरा, मुळं वेचली, रव्याच्या चाळणीने चाळला, पुन्हा भिजवला, पुन्हा सुकवला. भिजणं-सुकणं असं फिरलं की त्यातला कच्चा पाला कुजून संपतो आणि टाकीत गेल्यावर तो अमोनिया होऊन वर येत नाही. उन्हाळ्यात नांगरून जमीन तापवतात, मग धूळवाफ पेरणी करतात, त्यात ह्याच कामाचा मोठा भाग होऊन जातो. तळाला मातीचा अडीच-तीन सेंटिमीटरचा थर, त्यावर तेवढीच वाळू. त्याहून जाड माती घालायचा मोह होतो, तो आवरायचा, कारण खाली कुजणं वाढतं आणि वाळू उचलली जाते. काचेलगत माती न आणता वाळूच ठेवली तर समोरून दिसायला छान दिसतं. मी मात्र एका बाजूला ती मुद्दाम काचेपर्यंत आणली. पाणी ओततानाही घाई नाही. तळावर ताटली ठेवून त्यावर बारीक धार.

त्या बाजूने आता जे दिसतं ते बघत मी चहा गार करते. वरची वाळू फिक्कट, तिच्यात हिरव्या शेवाळाची एक बोटभर रेघ, उजेड जिथवर पोचतो तिथवर. त्याखाली मातीचा वरचा पट्टा अजून तांबूस. मग राखाडी. राखाडीत जागोजागी काळे डाग, नखाएवढे. ह्या काळ्याला घाबरायचं काही नाही. गंधकाचा विषारी वायू तयार झालाच तर मातीतलं लोह त्याला पकडून काळ्या रूपात बांधून ठेवतं, आणि तांबड्या मातीत लोहाला तोटा नसतो. क्रिप्टोकोरीनचं एक मूळ नेमकं काचेला चिकटून खाली गेलंय. काळ्या डागातून ते आरपार जातं, आणि जिथून जातं तिथे त्याच्या दोन्ही बाजूंना केसाएवढी नारिंगी कड आहे. मुळाने स्वतःपुरती हवा आणून तो काळा भाग पुसलाय. मधूनच एक बुडबुडा वाळूतून सुटतो आणि सरळ वर जातो. लावल्यानंतर ह्या झाडाची सगळी पानं विरघळून गेली होती, क्रिप्टोकोरीन जागा बदलली की असं करतेच. तेव्हा घरातल्यांनी ते उपटून टाक म्हणून सांगितलं होतं. खाली मुळं चालू होती.

माझ्या कार्यालयात एक सहकारी आहे, बैलहोंगलचा, घरी कन्नड, माझ्याशी बेळगावी मराठी. त्याने ही टाकी बघितली आणि काचेलगतची माती बराच वेळ न्याहाळली. “अक्का, हे तुमच्या मामाचं झालं. आमच्या एरीचं काय?” मी त्याला वर लिहिलंय ते सगळं सांगितलं: फुगणं, गढूळ होणं, चुना. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “म्हणजे नको?” तर नको असं काही नाही. त्याच्या घरचं पाणी बोअरचं, मुळातच जड. त्या पाण्याला चुन्याची माती काय नवीन सांगणार? वॅलिस्नेरिया जड पाण्यात उलट खुश असते, पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कर्ब काढून घेण्याची तिला युक्ती येते. सॅजिटेरियाही चालेल. मासे गप्पी, मोली, ज्यांना जड पाणीच मानवतं. काळ्या मातीचा थर मात्र बोटभरच, त्यात निम्मी वाळू मिसळलेली, आणि वरचं झाकण जरा जाड. लाल पानांची झाडं त्याने फोनवर दाखवली, ती मी सरळ नाही म्हणून सांगितली. थोडा हिरमुसला.

माती तो वैशाखात काढणार आहे, रान तापल्यावर आणि पहिल्या वळिवाच्या आधी, कापसाचं रान सोडून घरामागच्या तुकड्यातली, जिथे त्याची आई फक्त मेथी-कोथिंबीर करते आणि शेणखताशिवाय काही घालत नाही. चुन्याचे खडे वेचायचं काम पुतण्यांना लावतो म्हणाला. चाळण माझी नेणार आहे. टाकी किती मोठी घ्यायची ह्यावर आमचं अजून एकमत नाही, तो तीन फुटांवर अडलाय, मी दोनच्या वर जाऊ नको म्हणतेय, कारण तीन फुटांची टाकी मातीपाण्यासकट ज्या टेबलावर ठेवायची म्हणतोय ते टेबल मी बघितलंय.